ग्रीसच्या सिरोस बेटावरचं दीडशे वर्षांचं घर घेताना

दलालाने दार उघडलं आणि सगळ्यात आधी वर बोट दाखवलं. छतावर रंगवलेल्या फुलांच्या माळा, चार कोपऱ्यांत चार वाद्यं, मधोमध झुंबराचा रिकामा हूक. माझी मावसबहीण बघतच राहिली. मी खाली बघत होतो. भिंतीला कंबरेइतक्या उंचीपर्यंत ओल चढली होती, रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि बोट लावलं की पांढरी खारट भुकटी हाताला येत होती. सदाशिव पेठेतल्या वाड्यात वाढलेल्या माणसाला ही भुकटी नवीन नाही.

ते घर शेवटी घेतलं नाही. भिंतीमुळे नव्हे, कागदामुळे. तीन सहहिस्सेदारांपैकी एक ऑस्ट्रेलियात वारले होते आणि त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नव्हती. पुढे चौदा महिन्यांनी त्याच गावात, दोन गल्ल्या वर, दुसरं घर झालं. त्या चौदा महिन्यांत जे कळलं ते इथे क्रमाने लिहितो. घर घेणारे बहीण आणि तिचा नवरा. दोघं ठाण्यात राहतात, म्हणजे आयकराच्या भाषेत निवासी भारतीय. परदेशस्थ वाचकांनी पैशांचा भाग सोडून पुढे गेलं तरी चालेल.

आधी बेट, मग घर

ग्रीक बेट म्हटलं की पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट डोळ्यासमोर येतात. हे घर त्यातलं नाही, ते निओक्लासिकल. निओक्लासिकल म्हणजे समोरून बघितलं तर आरशात धरल्यासारखं दोन्ही बाजूंना सारखं, वर त्रिकोणी माथा, संगमरवरी चौकटीचं दार आणि कोरीव संगमरवरी घोड्यांवर (भिंतीतून पुढे आलेल्या आधारांवर) पेललेला सज्जा. मुंबईत एशियाटिकच्या पायऱ्यांवर कधी बसला असाल तर या घराण्याची ओळख आहेच. ते टाउन हॉल १८३३ चं. बव्हेरियाचा राजपुत्र ऑटो ग्रीसचा राजा म्हणून उतरला तोही १८३३ मध्येच, आणि नव्या राष्ट्राने आपली म्हणून हीच शैली उचलली.

सिरोसवर ती इतकी दाट का, याचं उत्तर निर्वासितांमध्ये आहे. १८२२ मध्ये खिओस बेटावर कत्तल झाली, १८२४ मध्ये प्सारा उद्ध्वस्त झालं. तिथून पळालेले व्यापारी आणि दर्यावर्दी सिरोसच्या उघड्या बंदरावर उतरले आणि त्यांनी गाव वसवलं. व्यापाराचा देव हर्मिस, त्याच्यावरून एर्मूपोली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर हे ग्रीसमधलं पहिल्या नंबरचं बंदर होतं. १८६४ चं अपोलो नाट्यगृह, एर्न्स्ट झिलरने आराखडा केलेलं नगरभवन आणि पाण्याच्या अगदी काठावर जहाजमालकांची वापोरिया वस्ती हे सगळं त्या पैशाचं. पुढे व्यापार अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराला गेला, सिरोस मागे पडलं. पैसा आटल्यामुळे पाडून नवं बांधायची ऐपत उरली नाही, म्हणून घरं राहिली. पुण्यातल्या वाड्यांच्या नशिबी हे आलं नाही.

सिमी, हायड्रा, खिओस इथेही अशी घरं विक्रीला असतात. पण भारतीय पासपोर्टवर घेणार असाल तर नकाशा आधी कायद्याच्या नजरेने बघा. १९९० च्या एका कायद्याने ग्रीसचे काही भाग सीमावर्ती ठरवलेत. सगळी डोडेकनीज बेटं (म्हणजे सिमी, रोड्स, कोस), शिवाय लेस्बोस, खिओस, सामोस आणि गंमत म्हणजे सांतोरिनीसुद्धा. तिथे युरोपीय संघाबाहेरच्या माणसाला खरेदीआधी वेगळी परवानगी काढावी लागते. मिळते, पण वेळ जातो, आणि थांबायला तयार नसलेला विक्रेता दुसऱ्याला घर देऊन मोकळा होतो. सिरोस आणि हायड्रा या यादीत नाहीत. आमचं सिरोस ठरलं त्यात हे कारण अर्धं. उरलेलं अर्धं असं की ते सिक्लाडीस बेटांचं प्रशासकीय केंद्र आहे. इस्पितळ, न्यायालय, शाळा आहेत, हिवाळ्यातही दुकानं उघडी असतात, पिरेअसहून बोट साडेतीन-चार तासांत पोचते.

आणखी एक गोष्ट बेट ठरवतानाच. घर घेतलं म्हणजे राहायची परवानगी मिळाली असं नाही. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, घर स्वतःचं असलं तरी. राहण्याचा परवाना हवा तर गोल्डन व्हिसा, म्हणजे ठराविक रकमेचं घर घेणाऱ्याला मिळणारा परवाना, आणि त्या रकमेचा उंबरठा २०२४ मध्ये वाढला: ३,१०० पेक्षा जास्त वस्तीच्या बेटांवर ८ लाख युरो, बाकीच्या बेटांवर ४ लाख, शिवाय घर किमान १२० चौरस मीटरचं. सिरोसची वस्ती वीस हजारांवर, म्हणजे ८ लाख. मात्र संरक्षित इमारत घेऊन तिचा संपूर्ण जीर्णोद्धार करणाऱ्याला २.५ लाखांची सवलत आहे, आणि जुनं घर घेणाऱ्याने नेमकी हीच वाट तपासावी. गोल्डन व्हिसावर घेतलेलं घर पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने देता येत नाही. दिलं तर ५०,००० युरो दंड. 'घर आपलं आपण फेडेल' हे गणित मांडून बसलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

पैसे भारतातून कसे जाणार

रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत (एलआरएस) निवासी भारतीयाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर बाहेर पाठवता येतात. घर ३ लाख युरोचं असेल तर एकट्याच्या मर्यादेत ते बसत नाही. नवरा-बायको दोघांची नावं खरेदीखतावर घाला, किंवा अर्धे मार्चआधी आणि अर्धे एप्रिलनंतर पाठवा. बहिणीने दोन्ही केलं.

खरा धक्का टीसीएसचा, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक गोळा करते त्या आगाऊ कराचा. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गेलेल्या रकमेवर बँक अशा कामासाठी २० टक्के वेगळे घेते. हा खर्च नव्हे, विवरणपत्र भरल्यावर करात वळता होतो किंवा परत मिळतो. पण तोवर अडकतो. युरो ढोबळमानाने शंभर रुपयांचा धरला तर ३ लाख युरोच्या मागे पन्नास-साठ लाख रुपये काही महिने बाजूला पडतात. घराची पूर्ण किंमत हाताशी आहे म्हणून निवांत असलेला माणूस इथे तोंडघशी पडतो. सनदी लेखापालाला विसार देण्याआधी भेटा, नंतर नको. घर झाल्यावर ते दरवर्षी विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं. विसरलात तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड लागू शकतो.

ग्रीसमध्येही रोखीला जागा नाही, घराचा सगळा व्यवहार बँकेतून करावा लागतो. पैसा कुठून आला याचे पुरावे भाषांतरासह बरोबर ठेवा. बँकेतली बाई आमच्याकडे तीन वर्षांची विवरणपत्रं मागत होती आणि आम्ही तिला एफडीच्या पावत्या दाखवत होतो.

नंबर, वकील, मुखत्यारपत्र

पहिल्याच फेरीत तीन कामं उरका. एक, करदाता क्रमांक. त्याला तिथे 'आफिमी' म्हणतात आणि त्याच्याशिवाय विजेचं मीटरसुद्धा नावावर होत नाही. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्याला त्यासाठी ग्रीसमधला एक कर प्रतिनिधी लागतो. बहुतेक वेळा वकीलच होतो. दोन, वकील. कायद्याने तो आता सक्तीचा नाही, तरी घ्याच. आणि तो विक्रेत्याचा नको, दलालाने सुचवलेलाही नको. तीन, तिथल्या नोटरीकडे त्या वकिलाच्या नावे मर्यादित मुखत्यारपत्र. कामं यादी करून लिहा, 'इत्यादी' ठेवू नका.

नोटरी या शब्दाने फसू नका. आपल्याकडे कोर्टाबाहेर शिक्का मारून देतो तो नोटरी वेगळा. ग्रीक नोटरी खरेदीखत स्वतः तयार करतो, वाचून दाखवतो आणि त्याच्यापुढे सही झाल्याशिवाय घराची मालकी बदलतच नाही. ग्रीक येत नसेल तर वाचनाच्या वेळी दुभाषी हवा.

कागद

इथे घाई करू नका. बेटावरच्या जुन्या घराचा भाव बघून 'एवढ्यात ठाण्यात दोन बेडरूमसुद्धा येत नाही' असं वाटलं, तर स्वस्ताईचं कारण बहुतेक कागदात सापडतं.

ग्रीक वारसाहक्कात घराचे तुकडे पडत नाहीत, हिस्से पडतात. आपल्या सातबाऱ्यावर अकरा नावं असतात तसं एका घराचे तीन अष्टमांश अथेन्समध्ये, एक चतुर्थांश न्यू यॉर्कच्या अस्टोरियात, बाकीचे मेलबर्नमध्ये. सगळ्यांची सही हवी. शिवाय वारसाने नोटरीपुढे वारसा स्वीकारून त्याची नोंद केलेली असायला हवी, त्याशिवाय त्याला विकता येत नाही. घर अजून आजोबांच्याच नावावर आणि नातू विकायला निघालेला, हे चित्र सर्रास दिसतं. दलालाला पहिला प्रश्न किमतीचा विचारू नका. 'मालक किती, आणि सगळ्यांनी वारसा स्वीकारलाय का?' हा विचारा. उत्तराला तो किती वेळ घेतो त्यावरून पुढचं कळतं.

वकील सर्च घेतो तो किमान वीस वर्षांचा, कारण वीस वर्षांच्या कब्जाने तिथे मालकी सांगता येते. जुन्या घराला मी याहून मागे जायला सांगेन, आणि एजियन बेटांवर बायकांच्या नावांनी शोधायला सांगेन. या बेटांवर घर मुलीला हुंड्यात द्यायची रीत होती. कायद्याने हुंडा १९८३ मध्ये संपवला. त्यामुळे घर आईकडून मुलीकडे गेलेलं असतं आणि दर पिढीला आडनाव बदललेलं. आमच्या वकीलबाईंना दुसऱ्या घराचा १९३० च्या आसपासचा तुटलेला दुवा मिळाला तो एका हुंड्याच्या करारात. त्यात घराबरोबर सहा खुर्च्या, एक आरसा आणि पावसाच्या पाण्याच्या टाकीतला हिस्साही लिहिलेला होता.

टाकीतला हिस्सा वाचून हसू आलं, पण तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एर्मूपोली डोंगरउतारावर आहे. खालच्या गल्लीतून जे तळमजल्याचं दुकान, ते वरच्या गल्लीतून दुसऱ्याच घराचं तळघर असतं. १९२९ च्या कायद्यापासून ग्रीसमध्ये मजल्यागणिक मालकी वेगळी असू शकते. म्हणून विचारा: गच्ची कुणाची, छप्पर कुणाचं, जिन्याखालची खोली कुणाची, टाकी कुणाची. तोंडी उत्तर चालणार नाही. खरेदीखतातलं वर्णन, इंजिनिअरचा नकाशा आणि भूनोंदणी कार्यालयातला उतारा हे तिन्ही एकमेकांशी जुळायला हवेत. हे कार्यालय म्हणजे 'क्तिमातोलोगिओ'. देशभर त्याची नवी नोंदणी होत आली आहे, आणि या नोंदणीत हद्द चुकून शेजाऱ्याच्या नावे गेलेली असू शकते.

त्यानंतर इंजिनिअरचा दाखला. २०१७ च्या कायद्याप्रमाणे इमारतीत बेकायदा बांधकाम नाही, किंवा असलेलं रीतसर नियमित केलंय, असं प्रमाणपत्र आणि इमारतीची इलेक्ट्रॉनिक ओळख लागते. १९५५ पूर्वीच्या मूळ बांधकामाला सहसा अडचण येत नाही. अडचण येते ती नंतर कुणीतरी गच्चीवर काढलेल्या न्हाणीघराची आणि अंगण झाकून केलेल्या स्वयंपाकघराची. २८ जुलै २०११ नंतरचं बेकायदा बांधकाम नियमित होतच नाही, ते पाडायचं. दंड आणि पाडकाम विक्रेत्याने सहीआधी उरकावं असं विसाराच्या करारात लिहून घ्या.

भिंत, छप्पर, सज्जा

घर बघायला फेब्रुवारीत जा. जुलैत मेल्तेमी वारा सगळं कोरडं करून ठेवतो, ओल लपते आणि दलालाचा मूड चांगला असतो. फेब्रुवारीत छप्पर स्वतःच बोलतं.

बाहेरच्या भिंती दगड आणि चुन्याच्या, हातभराहून जाड. आतल्या बऱ्याचशा पोकळ असतात: लाकडी सांगाड्यावर पट्ट्या ठोकून वर चुन्याचं लिंपण. या भिंतीला ग्रीक मिस्त्री 'बागदाती' म्हणतात, म्हणजे बगदादी; शब्द तुर्कीतून आलेला. टकटक करून बघा. पोकळ आवाज हा दोष नाही, भुसभुशीत आवाज हा दोष. चौकटीच्या खालच्या टोकाला पेचकसाचं टोक दाबून बघा. लाकूड लोण्यासारखं आत घेत असेल तर वाळवी किंवा कुज.

आता ती पांढरी भुकटी. चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते. १९६०-७० नंतर कुणीतरी 'पक्कं' करायचं म्हणून बाहेरून सिमेंटचा गिलावा मारला की ओल कोंडते, आतून वर चढते, आणि समुद्राचं मीठ पृष्ठभागावर येऊन गिलावा फोडतं. कोकणातल्या जांभ्याच्या घरांना सिमेंट फासून लोकांनी हेच केलंय. उपाय सोपा पण चिवट आहे: सिमेंट उतरवा, भिंतीला एक पूर्ण उन्हाळा उघडं ठेवा, मग चुन्याचा गिलावा करा. कंत्राटदार 'ओलरोधक रंग' सुचवेल. त्याला चहा पाजून परत पाठवा.

सज्ज्यावर मात्र फोटोसाठी उभे राहू नका. संगमरवराचे तुकडे जोडायला आत लोखंडी खुंट्या घातलेल्या असतात. खाऱ्या वाऱ्याने त्या गंजतात, फुगतात आणि दगड आतून चिरतात. खाली उभं राहून घोड्यांच्या बुडाशी तांबूस डाग आणि केसाएवढी चीर शोधा. सापडली तर तुकडे उतरवून स्टेनलेस स्टीलच्या खुंट्या बसवणं आलं. याला कारागीर शेजारच्या तिनोस बेटावर मिळतात. तिथली संगमरवराची कारागिरी २०१५ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, आणि त्यांचा दर ऐकल्यावर ते का हेही लक्षात येतं.

छपराच्या कौलांखाली शिरा. रंगवलेलं छत म्हणजे बहुधा फळ्यांवर किंवा कापडावर केलेलं काम असतं, आणि त्यावरचा तपकिरी डाग नेमका कुठल्या कौलाखाली येतो हे आतूनच कळतं. आमच्या घरात अकरा कौलं बदलून गळती थांबली. त्याआधी एका इंजिनिअरने अख्खं छप्पर काढून काँक्रीटची स्लॅब सुचवली होती. दगडी भिंतींच्या माथ्यावर एवढं वजन, तेही भूकंपाच्या देशात, कुणी सुचवलं की दुसरा इंजिनिअर शोधा. शक्यतो जीर्णोद्धाराचं काम केलेला, आणि बेटावरचाच.

विसार, खरेदीखत, फेरफार

कागद आणि भिंत दोन्ही पसंत पडले की साठेखत, तिथलं 'प्रोसिम्फोनो'. विसार साधारण दहा टक्के. विक्रेता फिरला तर दुप्पट परत, आपण फिरलो तर गेला, अशी अट असते. त्यात 'कागदपत्रांत दोष निघाला तर विसार पूर्ण परत' ही ओळ घालून घ्या. पहिल्या घराचा आमचा विसार या एका ओळीमुळे वाचला.

वरखर्चाचा अंदाज ३ लाख युरोच्या घरावर असा: हस्तांतरण कर ३.०९ टक्के म्हणजे ९,२७० युरो. दलाल २ टक्के आणि त्यावर २४ टक्के व्हॅट, ७,४४०. वकील १ टक्का अधिक व्हॅट, ३,७२०. नोटरीचे तीनेक हजार. नोंदणीचे दीडेक हजार. इंजिनिअर आणि दुभाषी वेगळे. एकूण आठ-नऊ टक्के धरा. आपल्या रेडी रेकनरसारखा तिथेही सरकारी दर असतो. कर त्यावर किंवा करारातल्या किमतीवर, जो आकडा मोठा असेल त्यावर. कर सहीआधी भरायचा असतो.

सही झाली म्हणून शॅम्पेन उघडू नका. क्तिमातोलोगिओत नोंद होईपर्यंत घर तुमचं झालेलं नाही. वकिलाची शेवटची फी त्या उताऱ्याच्या प्रतीनंतरच द्या.

हातोडा उचलण्याआधी

एर्मूपोलीचं जुनं गाव संरक्षित आहे. त्यातल्या काही इमारती शिवाय स्वतंत्रपणे संरक्षित, काही तर संस्कृती मंत्रालयाच्या स्मारकांत. तुमची कुठल्या पायरीवर आहे हे खरेदीआधीच लेखी काढा, कारण झडपांचा रंगसुद्धा त्यावर ठरतो. अॅल्युमिनियमच्या खिडक्या, दर्शनी भागावर एसीचा डबा, छपरावर नजरेत भरणारी पाण्याची टाकी हे विसरा. स्थापत्य समिती आणि मंत्रालयाची मंजुरी यायला सहा महिने ते वर्ष गेलं तर नवल वाटून घेऊ नका. आमच्या बाबतीत आठ महिने गेले.

खर्चाचा अंदाज घेताना गल्ली बघा. घरापर्यंत ट्रक जात नसेल, पायऱ्याच असतील, तर वाळूची प्रत्येक पिशवी आधी बोटीने आणि मग माणसाच्या खांद्यावरून येते. इंजिनिअरच्या अंदाजावर मी आणखी तिसरा हिस्सा धरतो, आणि आजवर तो उरलेला नाही.

काम संपलं की एन्फिया हा वार्षिक मालमत्ता कर, विमा (भूकंपासह मागून घ्या) आणि एक माणूस. हा माणूस महत्त्वाचा. बंद घराला हिवाळ्यात ओल मारते. दर आठवड्याला येऊन दोन तास खिडक्या उघडणारं कुणीतरी हवं. आमच्याकडे शेजारच्या निवृत्त बोटमास्तरांची बायको येते. बदल्यात तिला आमच्या टाकीतलं पाणी झाडांना घेता येतं, आणि हे बहिणीने खरेदीखतात नव्हे, साध्या कागदावर ग्रीकमध्ये लिहून, दोघींच्या सह्या करून ठेवलंय.